गव्हाच्या पिशवीवरचं एमएसीएस म्हणजे काय? एका मालवणी प्रोफेसरची गोष्ट

आज ना नवा फोन, ना ॲप. आज गव्हाची पिशवी.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, मामाचं दौंड तालुक्यात. दोन्हीकडे रब्बीला थोडा तरी गहू असतोच. मागे दिवाळीनंतर मामाकडे गेलो तर घरात वाद चालू होता. मामाला एकरी पोती मोजायची होती. आजीचं म्हणणं, जास्त पिकणाऱ्या गव्हाला कस नसतो, चपाती दुपारपर्यंत वातड होते. समोर बियाण्याची पिशवी, त्यावर लिहिलेलं एमएसीएस ६४७८. मी सवयीने फोन काढला.

एमएसीएस म्हणजे महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. आजची पुण्याची आघारकर संशोधन संस्था ती हीच. गंमत म्हणजे संस्था आहे गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर, पण तिला नाव आहे शंकर पुरुषोत्तम आघारकरांचं. एक समाजसुधारक, दुसरे वनस्पतीशास्त्रज्ञ. पुण्यात इंजिनिअरिंग करताना मी त्या रस्त्याने शेकडो वेळा गेलो असेन, आणि दोघांना एकच समजत होतो!

आघारकर जन्मले मालवणला, १८८४ मध्ये. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे आणि सह्याद्री पालथा घालायचे. या भटकंतीत, १९११ च्या सुमारास, सातारा भागात कृष्णेच्या उपनद्यांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. त्याचे भाऊबंद तोपर्यंत आफ्रिकेतल्या टांगानिकासारख्या तळ्यांतून माहीत होते, त्यामुळे प्राणीशास्त्रज्ञांमध्ये या शोधाची चर्चा झाली. वनस्पतींसाठी ओळखल्या जाणाऱ्या माणसाचा पहिला गाजलेला शोध एका प्राण्याचा, हे मला भारी वाटतं.

१९१४ मध्ये कलकत्ता विद्यापीठात रासबिहारी घोष यांच्या देणगीतलं वनस्पतीशास्त्राचं प्राध्यापकपद त्यांना मिळालं. पुढच्या अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले आणि तिथे महायुद्धात अडकले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना नजरकैदेत ठेवलं. तरी १९१९ मध्ये बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच ते परतले. विषय होता वायव्य भारतातल्या कोरड्या, खारट जमिनीतल्या वनस्पती कशा पसरतात. मग १९४६ पर्यंत कलकत्ता. निवृत्तीनंतर माणूस गावी जाऊन आराम करतो. हे पुण्यात आले आणि नव्याने स्थापन झालेल्या एमएसीएसचे पहिले संचालक झाले. १९६० मध्ये वारले, तोपर्यंत तेच काम. संस्थेला त्यांचं नाव मिळालं ते १९९२ मध्ये.

त्यांनी ६४७८ पाहिला नाही, त्यांचा स्वतःचा विषयही गहू नव्हता. पण ते गेल्यावर संस्था बंद पडली नाही, आणि गव्हाला नेमकं हेच लागतं. कारण एक वाण तयार व्हायला आठ-दहा वर्षं सहज जातात. आम्ही दोन आठवड्यांत रिलीज करतो आणि तरी बग निघतात.

आता मुद्दा. आजीचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. दाण्यात सगळ्यात जास्त असतो स्टार्च, तो हवा, पाणी आणि उन्हातून बनतो. प्रोटीनला नायट्रोजन लागतो, तो मुळांनी जमिनीतून ओढावा लागतो. दाणे आणि स्टार्च वाढले पण नायट्रोजन तेवढाच राहिला, तर ताकात पाणी घातल्यासारखं होतं. भांडं भरतं, चव पातळ. युरिया वाढवून थोडं साधतं, पण पीक लोळायची भीती. म्हणून संकरानंतर पिढ्यानपिढ्या अशी रोपं शोधायची जी नायट्रोजन जास्त उचलतात आणि पानांतला दाण्यात नीट उतरवतात. नुसतं वजन बघून निवड केली तर प्रोटीन गुपचूप खाली जातं.

प्रोटीन मोजतात कसं? जुन्या पद्धतीत पीठ ॲसिडमध्ये उकळून नायट्रोजन काढायचा आणि गव्हासाठी त्याला ५.७ ने गुणायचं. आता यंत्र दाण्यांवर डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतं, कोणता भाग शोषला गेला ते बघतं आणि मिनिटभरात टक्के सांगतं.

संस्थेच्या आकड्यांनुसार एमएसीएस ६४७८ हेक्टरी ४५ ते ६० क्विंटल देतो, म्हणजे एकरी साधारण १८ ते २४. सातारा जिल्ह्यातल्या करंजखोपमध्ये आधीच्या वाणांना हेक्टरी २५ ते ३० मिळायचे. प्रोटीन १४ टक्के, ११० दिवसांत तयार, आणि पानावरच्या व खोडावरच्या तांबेऱ्याला दाद देत नाही. पण पाणी हवं. भीमेकाठच्या मामाला जमतं. आमच्या शिरूरच्या कोरड्या पट्ट्यासाठी त्याच संस्थेचा एमएसीएस ४०२८ आहे. तो बन्सीसारखा कडक दाण्याचा. प्रोटीन १४.७ टक्के, १०२ दिवसांचा, पण जिरायतीत हेक्टरी १९.३ क्विंटलच. पाणी नाही तिथे पोती कमी, हे कोणतंच वाण पूर्ण टाळू शकत नाही. गव्हाचं काम बघायचं असेल तर संस्थेचं शेत दौंडला लागून असलेल्या बारामती तालुक्यात, होळला आहे.

मामाने शेवटी दोन एकर ६४७८ पेरला. हा हायब्रिड नसल्याने घरचं बी ठेवता येतं, म्हणून मळणीनंतर एक पोतं बाजूला काढलं. आजीने त्याच पोत्यातला गहू परस्पर दळायला पाठवला.