चौथ्या नंबरची जिनेत

स्पर्धेत चौथा नंबर आला की घरी काय बोलणी बसतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यात आधी पहिल्या नंबराची सवय असेल, तर बघायलाच नको! पॅरिसच्या जिनेत नेव्हूवर बाराव्या वर्षी हीच वेळ आली होती.

जिनेतचा जन्म ११ ऑगस्ट १९१९चा. आई व्हायोलिन शिकवायची, त्यामुळे पहिले धडे घरातच. सातव्या वर्षी तिने पॅरिसच्या साल गाव्हो सभागृहात ब्रुखचा कॉन्चेर्टो वाजवला. त्या वयात तुम्ही-आम्ही बाराखडी गिरवत होतो! अकराव्या वर्षी तिला पॅरिस कॉन्झर्व्हेटरीचं पहिलं पारितोषिक मिळालं, तेही आठ महिन्यांत. पूर्वी हेन्रिक विएनियाव्स्की या पोलिश वादकानेही ते अकराव्या वर्षीच पटकावलं होतं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग आली व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा, आणि तो चौथा नंबर. पण तिथे कार्ल फ्लेश या नावाजलेल्या गुरूने तिचं वाजवणं ऐकलं आणि फुकट शिकवायची तयारी दाखवली. फी माफ झाली, पण परदेशी राहायचा खर्च कुठून आणणार? घरची परिस्थिती बेताची. त्यात दोनेक वर्षं गेली. दारात संधी आणि खिशात पैसे नाहीत, हे दुखणं तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. शेवटी ती फ्लेशकडे पोहोचलीच. त्यांनी तिची स्वतःची धाटणी बदलली नाही, तंत्र तेवढं पक्कं करून घेतलं.

१९३५ साली वॉर्सात विएनियाव्स्कीच्याच नावाने मोठी स्पर्धा झाली. जिनेत १५ वर्षांची. समोर सोव्हिएत संघाचा २६ वर्षांचा डेव्हिड ऑइस्त्राख, जो पुढे जगातल्या थोर वादकांत गणला गेला. निकाल लागला: ऑइस्त्राख दुसरा, जिनेत पहिली! हरूनही त्याने बायकोला लिहिलेल्या पत्रात तिची तारीफ केली. मनाचा मोठेपणा बघा. त्यानंतर जर्मनी, सोव्हिएत संघ, अमेरिका, कॅनडा असे दौरे सुरू झाले.

करिअर ऐन भरात आलं आणि महायुद्ध पेटलं. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेला. जर्मनीत वाजवण्याची आमंत्रणं जिनेतने नाकारली. विशीतल्या कलाकाराने मोठं स्टेज असं सोडणं किती अवघड, याचा तुम्हीच विचार करा. युद्ध संपताच १९४५ मध्ये तिने लंडनला सिबेलियसचा कॉन्चेर्टो रेकॉर्ड केला.

२८ ऑक्टोबर १९४९. अमेरिकेच्या दौऱ्यासाठी निघालेलं तिचं विमान अझोर्स बेटांवरच्या डोंगरावर आदळलं. विमानातले सगळे ४८ जण गेले. त्यात जिनेत होती आणि तिला पियानोची साथ करणारा भाऊ जाँ-पॉलही होता. ती अवघी ३० वर्षांची होती.

तिची रेकॉर्डिंग्ज मोजकीच आहेत. पण सिबेलियस मोबाइलवर सहज सापडतो. अर्धा तास काढा, हेडफोन लावा आणि ऐका. ही मुलगी कधीकाळी चौथी आली होती, हे तेव्हा आठवायचं बरं का!