तारेचे गणित : ऑलिव्हर हेविसाइड

दूरचित्रवाणी संचाच्या मागे जोडलेली काळी, गोल तार पुष्कळांनी पाहिलेली असते. केबल जोडणारा कारागीर ती चाकूने सोलतो, तेव्हा तिचे थर एकामागून एक उघडे पडतात. सर्वांत बाहेर काळ्या प्लॅस्टिकचे आवरण, त्याच्या आत बारीक तारांची विणलेली जाळी आणि बहुधा धातूचा चकचकीत पातळ पापुद्रा, मग पांढऱ्या प्लॅस्टिकचा जाड थर आणि अगदी मधोमध तांब्याची एकच तार. विजेच्या दिव्याला जाणाऱ्या वायरीसाठी एवढा खटाटोप करावा लागत नाही. संदेश वाहून नेणाऱ्या तारेसाठी तो का करावा लागतो, हे ज्यांनी प्रथम नीट ओळखले, त्यांत ऑलिव्हर हेविसाइड यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी विद्यापीठाची पायरी कधी चढली नव्हती. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली होती.

हेविसाइड यांचा जन्म १८ मे १८५० रोजी लंडनच्या कॅमडेन टाउन भागात झाला. वडील लाकडी ठशांवर चित्रे कोरण्याचे काम करीत. त्या धंद्याला तेव्हा उतरती कळा लागली होती आणि घरात चार मुलगे होते. लहानपणी ऑलिव्हरला स्कार्लेट ज्वर झाला आणि त्यात त्याच्या श्रवणशक्तीला कायमचा अपाय झाला. इतर मुलांचे बोलणे नीट ऐकू येत नसल्यामुळे तो एकटा पडला. अभ्यासात मात्र तो हुशार होता. १८६५ साली एका सार्वजनिक परीक्षेत पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांमध्ये त्याचा पाचवा क्रमांक आला. पुढील शिक्षणाचा खर्च घराला झेपणारा नव्हता. तेव्हा मावशीचे यजमान सर चार्ल्स व्हीट्स्टन मदतीला आले. व्हीट्स्टन हे तारायंत्राच्या आद्य संशोधकांपैकी एक होते. त्यांच्यामुळे या मुलाला तारायंत्राची ओळख झाली आणि १८६८ च्या सुमारास तो इंग्लंड व डेन्मार्क यांना समुद्राखालून जोडणाऱ्या तारेवर नोकरीला लागला. प्रथम काही काळ डेन्मार्कमध्ये, नंतर इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे, अशी ही नोकरी सहा वर्षे चालली. हेविसाइड यांच्या आयुष्यातील ही पहिली आणि शेवटची नोकरी होय.

त्या काळच्या समुद्री तारेची रचना समजून घेतली पाहिजे, कारण हेविसाइड यांचे पुढील सारे चिंतन तिच्याभोवती फिरते. मध्यभागी तांब्याच्या सात बारीक तारांचा पीळ असे. एकच जाड तार वाकवताना मोडण्याचा धोका असतो. पीळ दिलेली तार लवते आणि त्यातील एखादी तुटली तरी बाकीच्या काम चालू ठेवतात. तांब्यावर गटापर्चाचे लेप असत. गटापर्चा हा मलाया प्रदेशातील झाडांचा चीक. तो गरम केला की मऊ होतो आणि थंड खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षे टिकतो. प्लॅस्टिक येण्यापूर्वी विजेला अडवून धरणारे इतके भरवशाचे आवरण समुद्रासाठी दुसरे नव्हते. त्यावर डांबरात भिजवलेल्या धाग्यांची गादी आणि सर्वांत बाहेर लोखंडी तारांचे चिलखत असे. किनाऱ्याजवळ जहाजांचे नांगर आणि लाटांखालचे खडक यांचे भय अधिक, म्हणून तेथे हे चिलखत अधिक जाड ठेवीत.

अशी तार तुटण्यापासून वाचली, तरी तिच्यातून जाणारा संदेश वाचेलच असे नव्हते. १८५८ साली आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली तार टाकण्यात आली. व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना पाठवलेला ९८ शब्दांचा संदेश तिच्यातून जाण्यास सुमारे १६ तास लागले. संदेश रेटून नेण्यासाठी विजेचा दाब फार वाढवण्यात आला. आधीच सदोष असलेले आवरण त्यामुळे अधिकच निकामी झाले आणि काही आठवड्यांतच ती तार मुकी झाली. पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्ध झालेले विल्यम थॉमसन यांनी या मंदपणाचे कारण त्याआधीच, १८५५ साली, गणिताने दाखवून दिले होते. आत तांबे, बाहेर समुद्राचे पाणी आणि मध्ये गटापर्चा. अशी तार म्हणजे विजेचा साठा करणारे एक लांबच लांब भांडेच होय. ते भरल्याशिवाय पलीकडच्या टोकाला काही पोहोचत नाही, आणि भरले की लवकर रिकामेही होत नाही. ओल्या कागदावर शाईचा ठिपका फाकावा तसा संदेशाचा प्रत्येक ठिपका फाकतो आणि पुढच्या ठिपक्यात मिसळतो. तारेची लांबी दुप्पट झाली की हा दोष चौपट होतो. म्हणून १८६६ साली यशस्वी झालेल्या तारेत तांब्याचे वजन पूर्वीच्या जवळजवळ तिप्पट ठेवले गेले आणि गटापर्चाचा थरही वाढवण्यात आला.

न्यूकॅसलच्या कचेरीत तरुण हेविसाइड यांच्यापुढे अशीच कोडी रोज येत. एकाच तारेवर एका दिशेने संदेश लवकर जातो आणि उलट दिशेने हळू येतो, असे त्यांना आढळले. सहकाऱ्यांनी ते पाहून सोडून दिले असते. हेविसाइड यांनी त्याचे गणित मांडले. दोन्ही टोकांना जोडलेल्या जमिनीवरील तारा आणि यंत्रे यांचा रोध सारखा नसल्याने हा फरक पडतो, असे त्यांनी दाखवले. १८७३ साली विजेच्या मापनावरील त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला आणि थॉमसन व मॅक्सवेल यांच्यासारख्या मातब्बरांचे लक्ष या अनोळखी तारबाबूकडे गेले. त्याच वर्षी मॅक्सवेल यांचा वीज आणि चुंबकत्व यांवरील महान ग्रंथ प्रकाशित झाला. हेविसाइड यांनी तो उघडला. पण त्यांना त्यातले फारसे काही कळले नाही. बीजगणित आणि त्रिकोणमिती त्यांनी शाळेत शिकली होती, पण बरीचशी विसरलीही होती. हा ग्रंथ समजून घ्यायचाच, असे त्यांनी ठरवले. १८७४ साली, चोविसाव्या वर्षी, नोकरी सोडून ते आईवडिलांच्या घरी परतले आणि एका खोलीत दार लावून बसले. त्या ग्रंथावर प्रभुत्व मिळवण्यास त्यांना कित्येक वर्षे लागली. मॅक्सवेल यांनी वीस समीकरणांत मांडलेला सिद्धान्त पुढे त्यांनी चार समीकरणांत आटोपशीरपणे बसवला. विद्युत अभियांत्रिकीचे विद्यार्थी मॅक्सवेलची म्हणून जी चार समीकरणे शिकतात, त्यांचे हे रूप मुख्यतः हेविसाइड यांनी घडवलेले आहे.

१८८० साली त्यांनी एका नव्या प्रकारच्या तारेचे पेटंट घेतले. दूरध्वनी नुकताच आला होता, आणि शेजारून जाणाऱ्या तारायंत्राच्या तारेतील टकटक दूरध्वनीत ऐकू येत असे. एका तारेतील विजेचा परिणाम तिच्याभोवतीच्या जागेत पसरतो आणि शेजारच्या तारेत घुसतो, हे त्याचे कारण. हेविसाइड यांनी सुचवले की, जाणारी आणि परतणारी वीज दोन वेगळ्या तारांतून न नेता एक तार धातूच्या नळीत मधोमध बसवावी आणि दोहोंमध्ये विद्युतरोधक भरावा. मग तारेचा परिणाम नळीच्या आतच कोंडलेला राहतो आणि बाहेरच्या तारांना उपद्रव होत नाही. हीच समाक्ष केबल. दूरचित्रवाणीच्या तारेतील विणलेली जाळी म्हणजे या नळीचेच लवचीक रूप होय. या पेटंटातून त्यांना पैसा मिळाला नाही.

त्यांचे सर्वांत मोठे काम याच्या पुढचे आहे. दूरध्वनीची अडचण तारायंत्राहून अवघड होती. माणसाच्या आवाजात उंच आणि खालचे असे अनेक स्वर एकत्र असतात. लांब तारेत उंच स्वर लवकर क्षीण होतात आणि सर्व स्वर एकाच वेगाने जात नाहीत. परिणामी पलीकडे आवाज पोहोचला तरी शब्द कळत नाहीत. ब्रिटनच्या टपाल खात्यातील विद्युत विभागाचे ज्येष्ठ अधिकारी विल्यम प्रीस यांनी थॉमसन यांचा जुना नियम दूरध्वनीलाही लावला होता. तारेभोवती जे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, त्यामुळे येणारे स्वयंप्रवर्तन हा तारेचा दोषच असून ते जितके कमी तितके बरे, असे त्यांचे मत होते.

हेविसाइड यांचे गणित नेमके उलट सांगत होते. त्यांच्या मते संदेशाची ऊर्जा तांब्याच्या पोटातून वाहत नाही; ती तारेभोवतीच्या विद्युतरोधकातून लहरीच्या रूपाने जाते आणि तार तिला केवळ वाट दाखवते. या लहरीचे स्वरूप चार गोष्टींवर ठरते. तांब्याचा रोध आणि आवरणातून होणारी गळती या दोन ऊर्जा खातात. आवरणातील विजेचा साठा आणि तारेभोवतीचे स्वयंप्रवर्तन या दोन ती सांभाळतात. रोधाचे स्वयंप्रवर्तनाशी जे प्रमाण असते, तेच गळतीचे विजेच्या साठ्याशी असले, तर सर्व स्वर एकाच वेगाने जातात आणि सारख्याच प्रमाणात क्षीण होतात. आवाज बारीक होतो, पण बिघडत नाही. दूर उभ्या माणसाचा चेहरा लहान दिसतो, तरी नाकडोळे जागच्या जागी असतात, तसाच हा प्रकार. प्रत्यक्ष तारांत स्वयंप्रवर्तन फार कमी पडते. तेव्हा ते वाढवावे, असा हेविसाइड यांचा निष्कर्ष निघाला. १८८७ सालची ही गोष्ट.

त्यांचे थोरले बंधू आर्थर टपाल खात्यातच अभियंता होते. दोघा भावांनी मिळून या विषयावर लेख तयार केला. परंतु तो प्रसिद्ध करण्यास आर्थर यांना प्रीस यांची परवानगी लागत होती आणि ती नाकारण्यात आली. आर्थर यांना नोकरी सांभाळायची होती. ते गप्प बसले. ऑलिव्हर यांना गमावण्यासारखे काही नव्हते, आणि गप्प बसणे त्यांच्या स्वभावातही नव्हते. मात्र त्याच वर्षी, ज्या नियतकालिकात ते वर्षाला सुमारे ४० पौंडांवर लेखन करीत, तेथील संपादक बदलले आणि त्यांची लेखमाला बंद पडली. त्यांचे लेख वाचणारे कोणी आढळत नाही, असे कारण त्यांना कळवण्यात आले. त्यात थोडे तथ्य होतेच. हेविसाइड यांचे लेखन दुर्बोध होते, त्यांनी गणिताच्या पद्धतीही स्वतःच घडवल्या होत्या, आणि मध्येच प्रीस यांना कोपरखळ्या मारण्याचा मोह त्यांना आवरत नसे.

सुदैवाने १८८८ साली जर्मनीत हाइन्रिख हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी प्रत्यक्ष दाखवल्या आणि वारे फिरले. जानेवारी १८८९ मध्ये थॉमसन यांनी विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे केलेल्या अध्यक्षीय भाषणात हेविसाइड यांच्या कार्याचा गौरव केला. १८९१ साली त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. मान मिळाला, पण दारिद्र्य हटले नाही. १८९४ साली त्यांच्यासाठी मदतनिधी देऊ करण्यात आला, तेव्हा ही भीक आहे असे वाटून त्यांनी तो नाकारला. १८९६ साली मित्रांनी मोठ्या युक्तीने समजूत घातल्यावर वर्षाला १२० पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन त्यांनी कसेबसे स्वीकारले.

तारेचे स्वयंप्रवर्तन प्रत्यक्षात कसे वाढवावे, याचे मार्गही हेविसाइड यांनी १८९३ साली सुचवले होते. त्यांतील एक मार्ग म्हणजे तारेत ठरावीक अंतरावर वेटोळी बसवणे. ती किती अंतरावर असावीत याचा हिशेब अमेरिकेत मायकेल प्युपिन आणि जॉर्ज कॅम्बेल यांनी स्वतंत्रपणे केला. १९०० साली पेटंट मिळाले ते प्युपिन यांना. अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीने ते विकत घेतले आणि प्युपिन यांना कालांतराने चार लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. या वेटोळ्यांमुळे दूरध्वनीचे शब्द पूर्वीपेक्षा कितीतरी लांब अंतरावर स्पष्ट ऐकू येऊ लागले. डेन्मार्कमध्ये कार्ल क्रारुप यांनी १९०२ साली तांब्याभोवती लोखंडी तार गुंडाळून तोच हेतू समुद्राखालच्या केबलमध्ये साधला. हेविसाइड यांनी आपल्या कल्पनेचे पेटंट घेतलेच नव्हते. त्यातून त्यांना एक पैसाही मिळाला नाही आणि हा सल त्यांच्या मनात अखेरपर्यंत राहिला.

त्याच १९०२ साली त्यांनी आणखी एक अनुमान मांडले. वातावरणात फार उंचावर वीज वाहून नेणारा थर असावा आणि बिनतारी लहरी त्याच्या आणि समुद्राच्या मधून, जणू तारेच्या आधाराने, वळत जात असाव्यात. अमेरिकेत आर्थर केनेली यांनीही तेच सुचवले होते. हा थर खरोखर आहे हे १९२४ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड ॲपल्टन यांच्या प्रयोगांनी सिद्ध झाले.

हेविसाइड यांनी विवाह केला नाही. उत्तरायुष्य त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की गावी काढले. ऐकू येणे कमी झाले होते, शेजाऱ्यांशी पटत नव्हते आणि थंडीच्या दिवसांतही घर तापवण्यापुरता गॅस त्यांना परवडत नसे. १९२२ साली विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने आपले पहिले फॅरडे पदक त्यांना दिले. ते सन्मान घेण्यास लंडनला जाणारे नव्हते. संस्थेचे अध्यक्षच पदक घेऊन त्यांच्या दारी गेले. शिडीवरून पडल्यानंतर आजारी होऊन ३ फेब्रुवारी १९२५ रोजी त्यांचे निधन झाले. जवळच्या पेंटन गावच्या दफनभूमीत आईवडिलांच्या शेजारी त्यांना चिरविश्रांती मिळाली.

समाक्ष केबलचा उपयोग एकाच वेळी अनेक संभाषणे वाहून नेण्यासाठी करता येईल, हे अमेरिकेतील अभियंत्यांनी १९२९ साली दाखवले. २५ सप्टेंबर १९५६ रोजी अटलांटिक महासागराखालून पहिली दूरध्वनी केबल सुरू झाली. जाण्यासाठी एक आणि येण्यासाठी एक अशा दोन केबली समुद्रतळाशी टाकल्या होत्या आणि क्षीण होत जाणारा आवाज पुन्हा सबळ करण्यासाठी प्रत्येकीत ५१ विवर्धक बसवले होते. गटापर्चाची जागा पॉलिथिनने घेतली होती. सुरुवातीला ३५ संभाषणे त्यांतून एकाच वेळी होऊ शकत. त्या केबलीतही मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती विद्युतरोधकाचा थर आणि त्यावर तांब्याचीच नळी होती.