शेठ वालचंद हिराचंद : अपयशाला पुरून उरलेला पुरुषार्थ

थोर उद्योगपतींची चरित्रे सांगताना त्यांच्या कारखान्यांची नामावली दिली जाते. त्यामागील अपयशाचा उल्लेख मात्र एखाद्या वाक्यात उरकला जातो. शेठ वालचंद हिराचंद यांच्याबाबतीत असे केल्यास त्यांचे निम्मे चरित्र हरवेल. जहाज, विमान व मोटार या तिन्ही क्षेत्रांत भारतीय उद्योगाचा पाया घालणाऱ्या या पुरुषाला प्रत्येक ठिकाणी प्रथम नकार, तोटा अथवा ताटातूट पाहावी लागली.

वालचंदशेठ यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका प्रतिष्ठित दिगंबर जैन कुटुंबात झाला. मूळचे गुजरातेतील हे घराणे सोलापुरात स्थिरावले होते. वडील हिराचंद नेमचंद दोशी कापसाचा व्यापार व सावकारी करीत. मुंबईचे सेंट झेवियर्स व पुण्याचे डेक्कन या महाविद्यालयांत शिक्षण घेऊनही वालचंदांचे पदवीपर्यंतचे शिक्षण पुरे झाले नाही. घरच्या पेढीतही त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत पूर्वी कारकून असलेल्या लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी रेल्वेच्या बांधकामाचे ठेके घेण्यास प्रारंभ केला. भोर घाटातील बोगद्यांसारखी अवघड कामे पुढे त्यांच्या नावावर जमा झाली आणि बांधकाम व्यवसायात त्यांनी चांगला जम बसविला.

येथे थांबले असते तरी त्यांचे आयुष्य सुखाने गेले असते. परंतु पहिले महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे रुग्णालय-जहाज विक्रीस निघाले आणि वालचंदांनी ते घेण्याचे ठरविले. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास या सहकाऱ्यांसह १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ने मुंबईहून लंडनकडे प्रस्थान ठेवले.

हे धाडस किती मोठे होते, हे त्याआधीच्या इतिहासावरून कळते. तुतिकोरिन येथे १९०६ मध्ये व्ही. ओ. चिदंबरम पिल्ले यांनी स्वदेशी जहाज कंपनी काढली होती. प्रतिस्पर्धी ब्रिटिश कंपनीने भाडे इतके उतरविले की स्वदेशी कंपनीला टिकाव धरणे अशक्य झाले आणि अल्पावधीतच ती बुडाली. सिंदियावरही तोच प्रयोग झाला. मालवाहतुकीचे दर तोट्याच्या पातळीपर्यंत खाली आणले गेले. त्यातच ‘लॉयल्टी’ हे जुने प्रवासी जहाज. त्याचा खर्च झेपण्यासारखा नव्हता. अखेर १९२३ मध्ये ते मोडीत काढावे लागले. ज्या जहाजाने स्वप्नाचा आरंभ केला, ते चार वर्षांतच नाहीसे झाले.

या प्रसंगी वालचंदांचे वेगळेपण दिसून येते. जहाज मोडीत निघाले म्हणून जहाजाचा धंदाच आपल्यासाठी नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. कंपनीने मालवाहू जहाजांवर भर दिला. १९२३ मध्येच ब्रिटिश कंपनीशी दहा वर्षांचा करार झाला. त्यात सिंदियाच्या विस्तारावर जाचक मर्यादा होत्या. तथापि पूर्वीच्या स्वदेशी कंपन्यांच्या वाट्याला आलेला अंत टळला. मर्यादित जागेत पाय रोवून योग्य काळाची वाट पाहण्याचा हा मार्ग होता. नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर १९२९ मध्ये कंपनीच्या अध्यक्षपदाची धुरा वालचंदांकडे आली.

हाच धीर त्यांनी शेतीतही दाखविला. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथे १९२३ मध्ये त्यांनी दगडधोंड्यांनी भरलेली सुमारे दीड हजार एकर जमीन घेतली. ती लागवडीखाली आणण्यात वर्षे गेली, आणि १९३३ मध्ये तेथे साखर कारखाना उभा राहिला.

जहाजे परदेशातून आणावी लागतात तोवर आपला व्यवसाय परावलंबीच राहणार, ही जाणीव वालचंदांना अनुभवाने झाली होती. जहाजबांधणीसाठी कलकत्त्यात जागा मिळविण्याचे प्रयत्न निष्फळ ठरल्यावर त्यांनी विशाखापट्टणमची निवड केली. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढील वर्षी ६ एप्रिलला जपानी विमानांनी त्या शहरावर बाँब टाकले आणि काम विस्कळीत झाले. तरीही १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ हे तेथे बांधलेले जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. ‘लॉयल्टी’च्या प्रवासापासून एकोणतीस वर्षे लोटली होती.

सर्वच प्रयत्नांचे फळ त्यांच्या पदरात पडले असे नाही. म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे त्यांनी विमानांचा कारखाना स्थापन केला. युद्धाच्या धामधुमीत १९४२ मध्ये तो सरकारने आपल्याकडे घेतला. मोटार कारखान्याच्या योजनेला युद्धकाळात सरकारचे सहकार्य मिळाले नाही. तो विचार उराशी जपून १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडल्या. हातातून गेलेला विमान कारखानाही वाया गेला नाही. हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सार्वजनिक उद्योगाचे ते मूळ ठरले.

१९४९ मध्ये पक्षाघाताने त्यांना गाठले. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची मनोभावे शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

दुकानात आलेली खोट, परीक्षेतील अनुत्तीर्णता किंवा अर्ध्यावर मोडलेली भागीदारी यांनी खचणाऱ्या प्रत्येकाने वालचंदांच्या जीवनातून एक विवेक शिकावा : साधन फसले की साध्यच चुकले, हे आधी नीट पारखावे. साधन फसले असेल तर ते बदलावे, साध्य सोडू नये. भारतात १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. तो दिवस कोणत्याही विक्रमी नफ्याचा नाही. चार वर्षांत मोडीत निघालेल्या ‘लॉयल्टी’च्या पहिल्या प्रवासाचा आहे. ज्याला त्या काळी अपयश म्हटले गेले, त्याचेच स्मरण देश आदराने करतो. पुरुषार्थाचा याहून मोठा गौरव कोणता असू शकेल?