पंडिता रमाबाई आणि बाप्तिस्म्यानंतरचीं आठ वर्षें

जुन्या शहरांतून मोर्णा ओलांडून शाळेस येणारा विद्यार्थी पुलावरच दप्तर उघडून बसत नाहीं. पूल कितीहि भक्कम असला तरी तो पलीकडे जाण्यासाठीं आहे, हें लहान मुलासहि कळतें. धर्माच्या बाबतींत मात्र मोठमोठ्या माणसांना हें कळावयास वर्षेंच्या वर्षें लागतात. नियमानें उपासनेस जाणें, शास्त्र वाचणें, प्रार्थना करणें, अनाथांची सेवा करणें हीं सर्व कृत्यें चांगलीं आहेत. परंतु हींच ख्रिस्ती जीविताचें अंतिम साध्य होत असा समज झाला म्हणजे मनुष्य पुलावरच बिऱ्हाड करून राहतो. आपल्या ठिकाणीं हा समज होता असें ओळखून तें जगापुढें उघडपणें सांगण्याचें धैर्य महाराष्ट्रांतील एका थोर विदुषीनें दाखविलें. त्या पंडिता रमाबाई होत.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न ब्राह्मण होते. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये असा त्या काळचा दंडक असतां त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला घरींच संस्कृत शिकविलें आणि त्यापायीं लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढें सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें त्यांनीं आश्रम केला, तेथेंच ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला. मुलगी अवघी सहा महिन्यांची असतांना तिला वेताच्या पेटाऱ्यांत घालून डोंगरावरून खालीं आणिलें, आणि त्या दिवसापासून ह्या कुटुंबाच्या पायांस जी तीर्थयात्रा लागली ती सुटली नाहीं. देवळांत पुराण सांगावें, लोक देतील त्यावर निर्वाह करावा, उरलें तें दानधर्मांत घालावें, असा त्यांचा क्रम होता. आईनें मुलीस चालतां चालतां संस्कृत शिकविलें. पंधरा वर्षांची होईपर्यंत तिला भागवताचा फार मोठा भाग मुखोद्गत झाला होता.

पुढें १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळानें ह्या कुटुंबास गांठलें. जवळचें द्रव्य व्रतांत आणि अनुष्ठानांत खर्चून गेलें होतें. भीक मागण्याची लाज वाटे, मोलमजुरीची संवय नव्हती. थोड्याच महिन्यांच्या अंतरानें वडील, आई आणि वडील बहीण हीं तिघेंहि मरण पावलीं. रमाबाई आणि त्यांचे बंधु श्रीनिवास हीं दोघें हजारों मैल पायीं हिंडलीं. थंडींत उबेसाठीं वाळूंत खड्डा करून तींत अंग पुरून घ्यावें, असेहि दिवस त्यांनीं काढले. ज्या आईबापांनीं सांगितलेला एकहि नियम मोडला नाहीं त्यांचा शेवट असा कां व्हावा, हा प्रश्न मुलीच्या मनांत घर करून राहिला. येथें कोणाच्या धर्माची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या मातापित्यांच्या तोडीची निष्ठा ख्रिस्ती घरांतहि क्वचितच आढळेल. पुढील हकीकतीवरून दिसून येईल कीं, हाच प्रश्न नव्या धर्मांतहि रमाबाईंच्या पाठोपाठ आला.

१८७८ सालीं हीं भावंडें कलकत्त्यास पोहोंचलीं. वीस वर्षांच्या मुलीचें संस्कृतावरील प्रभुत्व पाहून तेथील विद्वान् थक्क झाले आणि त्यांनीं तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. बंधु १८८० सालीं वारले. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं त्यांचा विवाह झाला. १८८१ सालीं मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ सालीं पटकीनें पतीचें निधन झालें. तान्ह्या मुलीस घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना केली, आणि १८८३ सालीं वैद्यकी शिकण्याच्या इच्छेनें इंग्लंडास गेल्या. कान अधू असल्यामुळें वैद्यकीचा बेत सोडावा लागला.

इंग्लंडांत वाँटेज येथील भगिनींच्या मठांत त्या राहिल्या. ज्यांना समाजानें टाकून दिलें अशा स्त्रियांस ह्या भगिनी ममतेनें वागवीत आहेत, हें पाहून त्यांचें मन हेलावलें. ही ममता कोठून आली ह्याचा शोध करतां करतां त्या शोमरोनी स्त्रीच्या गोष्टीशीं येऊन थांबल्या, आणि ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

ह्यानंतर आठ वर्षें गेलीं. ह्या वर्षांत त्यांनीं काय केलें नाहीं? चेल्टनम येथील स्त्रियांच्या कॉलेजांत अध्यापन केलें. धर्मसिद्धांतांविषयीं आपल्या गुरुभगिनींशीं पत्रांतून असा वाद घातला कीं, वाचणारास बाईंच्या बुद्धीचें कौतुक वाटावें. कोणी सांगितलें म्हणून मानावयाचें नाहीं, हा त्यांचा बाणा होता. १८८६ सालीं डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठीं त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजींत लिहिलेलें पुस्तक १८८७ सालीं प्रसिद्ध झालें. गांवोगांवीं व्याख्यानें देऊन विधवांच्या शाळेसाठीं पैसा जमविला. ता. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें, पुढें तें पुण्यास नेलें. तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकीं एक बालविधवा गोदूबाई, ज्या पुढें महर्षि धोंडो केशव कर्वे ह्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. विद्वत्ता, त्याग, परोपकार, सिद्धांतांचा अभ्यास ह्यांपैकीं काय कमी होतें? एखाद्या मंडळीच्या पंचांनीं त्यांची परीक्षा घेतली असती तर पैकीच्या पैकी गुण दिले असते.

परंतु बाईंचें स्वतःचें समाधान नव्हतें. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅसलम नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त त्यांच्या वाचनांत आलें. ह्या हॅसलमची हकीकत मोठी विलक्षण आहे. कॉर्नवॉल प्रांतांत हा गृहस्थ कित्येक वर्षें पाळक होता, मंदिरें बांधीत होता, संस्कारविधि काटेकोरपणें चालवीत होता. आणि १८५१ सालीं एका रविवारीं व्यासपीठावर उपदेश करीत असतां तो उपदेश पहिल्यानें त्याच्या स्वतःच्याच अंतःकरणास भिडला! हें वाचून रमाबाईंनीं आपलें मन तपासलें. त्यांना असें आढळून आलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, तो आवडलाहि आहे, त्याप्रमाणें आचरणहि आहे. पण ज्याच्यामुळें त्या धर्मांत जीव आहे तो ख्रिस्त आपणांस भेटलेला नाहीं. आपण एका उत्तम मताचा स्वीकार केला. तारणाऱ्याच्या हातीं स्वतःस दिलें नाहीं. लहानपणीं तीर्थें, व्रतें, पारायणें ह्यांत जें झालें होतें तेंच बाप्तिस्मा, वादविवाद आणि लोकसेवा ह्यांत दुसऱ्यानें होत होतें. साधनें बदललीं होतीं, साध्य तसेंच दूर राहिलें होतें. त्या वेळीं त्यांनीं आपल्या पदरीं असलेलें सर्व चांगुलपण बाजूस ठेवून, एखाद्या अजाण बालकाप्रमाणें केवळ ख्रिस्ताच्या आधारावर विसंबण्याचें ठरविलें. पुढें हा सर्व वृत्तांत त्यांनीं स्वतःच लिहून प्रसिद्ध केला.

कोणास वाटेल, आंतील आनंद लाभल्यावर बाईंनीं शाळेचें काम सोडून एकांत धरला असेल. तसें झालें नाहीं. मात्र त्या आनंदाची किंमत त्यांना लौकरच द्यावी लागली. शारदासदनांत कोणावर धर्माची सक्ती होणार नाहीं असा प्रारंभापासून करार होता. बाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत, दार उघडें असे, आणि कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसत. १८९३ सालीं ह्यावरून पुण्यांत मोठें वादळ उठलें. न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर ह्यांच्यासारख्या हितचिंतकांनीं सल्लागार मंडळ सोडलें. पालकांनीं मुली काढून नेल्या. त्या पालकांस सरसकट दोष देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. ज्यांनीं विश्वासानें मुली ठेविल्या त्यांच्या मनास धक्का बसणें साहजिक होतें, आणि रानडे-भांडारकर हे कांहीं क्षुद्र बुद्धीचे पुरुष नव्हते. पण ज्या लौकिकावर संस्था उभी होती तो जात असतांहि बाईंनीं दार लावून घेतलें नाहीं. संस्था हेंच त्यांचें सर्वस्व असतें तर ती वांचविण्यासाठीं त्यांनीं दार खास लावलें असतें.

१८९६-९७ च्या दुष्काळाची बातमी येतांच त्या मध्यप्रांतांत गेल्या. दुष्काळ म्हणजे काय हें त्यांना पुस्तकांतून शिकावयाचें नव्हतें. त्या सुमारें तीनशें मुली व विधवा घेऊन आल्या आणि पुण्याजवळ केडगांव येथें त्यांची सोय लाविली. ह्यांतूनच मुक्तिसदन उदयास आलें. १८९९-१९०० सालीं आपल्या वऱ्हाडावर जी आपत्ति कोसळली तीच गुजराथ-काठेवाडावरहि कोसळली, आणि तिकडील मुली आल्यानंतर केडगांवची वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. विहिरी खणल्या, शेती केली, हातमाग, तेलघाणा, छापखाना चालविला, अंधांसाठीं शिक्षणाची व्यवस्था केली. १८९१ पूर्वींच्या कामापेक्षां हें काम किती तरी पटींनीं मोठें होतें. फरक एवढाच कीं, पूर्वीं सेवेंतून देवाकडे जाण्याची खटपट होती. आतां देवाजवळचा ठेवा सेवेंतून बाहेर येत होता.

१९०५ सालीं मुक्तिसदनांत मोठी धर्मजागृति झाली. शेंकडों मुली रात्रंदिवस प्रार्थना करीत, पापांसाठीं रडत, आनंदानें गात. तें पाहावयास लांबलांबचे लोक आले. अशा वेळीं अश्रूंना आणि आनंदाच्या उकळीलाच भक्ति समजण्याचा मोह फार असतो. वाट चुकण्याचें हें एक नवेंच ठिकाण होय, आणि फार गोड असल्यामुळें अधिक धोक्याचें. रमाबाईंनीं ह्या जागृतीचा मनापासून स्वीकार केला, पण तींत त्या गुरफटून राहिल्या नाहींत. ह्याच सुमारास त्यांनीं एक अत्यंत रूक्ष वाटणारें काम हातीं घेतलें होतें. खेड्यांतील अर्धशिक्षित बाईलाहि समजेल अशा मराठींत संपूर्ण बायबल आणावयाचें, आणि तेंहि मूळ भाषांवरून! पन्नाशीच्या आंतबाहेर असतांना ही संस्कृत पंडिता हिब्रू आणि ग्रीक शिकावयास बसली. जिच्या तोंडांत भागवताचे श्लोक खेळत होते, तिनें आपल्या भाषेंतून जड संस्कृत शब्द निवडून निवडून काढले.

सरकारनें १९१९ सालीं त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें. १९२१ च्या जुलै महिन्यांत मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक कन्या, उजवा हात, आणि संस्थेची भावी चालक अशी तिहेरी हानि त्या एका मृत्यूनें झाली. बाईंची प्रकृति ढासळली होती, कानांनीं जवळजवळ ऐकूं येत नव्हतें. तरी बायबलाचीं मुद्रितें त्यांच्या मेजावर येतच होतीं आणि तपासून जातच होतीं. ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. तें संपूर्ण बायबल १९२४ सालीं केडगांवच्याच छापखान्यांतून बाहेर पडलें. त्याचे खिळे मुक्तिसदनांतील स्त्रियांनीं जुळविले होते.