आबी वारबुर्ग

आबी वारबुर्ग (१३ जून, १८६६ – २६ ऑक्टोबर, १९२९) हे जर्मन कला-इतिहासकार होते. प्रबोधनकाळातील इटालियन चित्रकला आणि त्या काळातील मिरवणुका, उत्सव व नाट्यप्रयोग यांचा संबंध उलगडून दाखवणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत त्यांची गणना होते. आयुष्याचा बहुतेक काळ ते विद्यापीठीय पदाविना स्वतंत्रपणे संशोधन करीत राहिले.

जन्म आणि शिक्षण

वारबुर्ग यांचा जन्म हँबर्ग येथील एका ज्यू बँकमालक घराण्यात झाला. थोरले पुत्र या नात्याने पेढीचा वारसा त्यांच्याकडे यायचा होता. परंतु तेराव्या वर्षी त्यांनी तो हक्क धाकटा भाऊ माक्स याला दिला आणि मोबदल्यात आपल्याला लागतील ती पुस्तके आयुष्यभर घेऊन देण्याचे वचन घेतले, अशी आठवण घराण्यात सांगितली जाई. माक्सने दिलेले ते वचन घराण्याला बरेच महागात पडले.

बॉन, फ्लॉरेन्स व स्ट्रासबुर्ग येथे त्यांचे शिक्षण झाले. बोत्तिचेल्ली यांच्या दोन प्रसिद्ध चित्रांवरील त्यांचा प्रबंध १८९३ मध्ये प्रकाशित झाला. चित्रांतील वाऱ्यावर उडणारे केस व वस्त्रे यांचे मूळ त्यांनी प्राचीन शिल्पांत, समकालीन काव्यात आणि उत्सवांतील वेषधारी पात्रांत शोधले.

उत्सव आणि रंगभूमी

१५८९ मध्ये फर्दिनांदो दे मेदिची आणि लोरेनची क्रिस्तीन यांच्या विवाहानिमित्त फ्लॉरेन्समध्ये एका सुखात्मिकेच्या अंकांदरम्यान ‘इंटरमेदी’, म्हणजे गीतनृत्याचे भव्य प्रवेश, सादर झाले. त्यांवरील वारबुर्ग यांचा निबंध १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. बुओन्तालेन्ती यांनी रेखाटलेल्या वेषभूषा आणि एमिलिओ दे काव्हालिएरी यांची हिशेबवही ही त्याची साधने होत. दरबारी मनोरंजनाच्या हिशेबाला चित्रांइतकेच महत्त्व देणे त्या काळी नवीन होते. वेषभूषेतील प्रत्येक रंगामागे व चिन्हामागे आयोजकांनी ग्रीक-रोमन ग्रंथांतील अर्थ योजला होता. प्रेक्षकांना मात्र त्यातील फारच थोडा उमगला, असा या निबंधातील एक मार्मिक निष्कर्ष आहे.

१८९५-९६ मध्ये अमेरिकेत त्यांनी प्वेब्लो लोकांची विधिनृत्ये पाहिली.

भारतीय धागा

१९१२ मध्ये रोम येथील परिषदेत त्यांनी फेरारा येथील स्किफानोया प्रासादातील भित्तिचित्रांचे कोडे उलगडले. त्यांतील गूढ आकृती राशींच्या द्रेष्काणांच्या अधिपती असून, अबू माशर या ज्योतिषाच्या ग्रंथाद्वारे त्यांचे वर्णन वराहमिहिरापर्यंत पोहोचते, असे त्यांनी दाखवले. उज्जैनच्या परंपरेतील ज्योतिषीय कल्पना इटालियन सरदाराच्या भिंतीवर सापडावी, ही गोष्ट आजही विस्मयकारक वाटते. त्याच वर्षी हाले विद्यापीठाने देऊ केलेले प्राध्यापकपद त्यांनी नाकारले.

आजार आणि ग्रंथालय

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, त्यांना तीव्र मनोविकाराने ग्रासले. १९२१ पासून ते स्वित्झर्लंडमधील क्रॉइत्सलिंगेन येथील रुग्णालयात होते. आपली बुद्धी शाबूत असल्याचे सिद्ध करण्यासाठी एप्रिल १९२३ मध्ये त्यांनी तेथेच प्वेब्लोंच्या सर्पविधीवर व्याख्यान दिले. पुढील वर्षी ते घरी परतले. दरम्यान सहकारी फ्रित्स झाक्स्ल यांनी त्यांच्या खाजगी ग्रंथालयाला संशोधन संस्थेचे रूप दिले होते. १९२६ मध्ये ग्रंथालयासाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली. अखेरच्या वर्षांत काळ्या कापडाच्या फलकांवर छायाचित्रे मांडून त्यांनी ‘नेमोसिनी’ हा चित्रसंग्रह रचण्यास घेतला. तो अपूर्ण राहिला.

हृदयविकाराने हँबर्ग येथे त्यांचे निधन झाले. नाझी राजवट आल्यावर, १९३३ मध्ये, सुमारे ६०,००० ग्रंथ जहाजाने लंडनला हलवण्यात आले. १९४४ मध्ये ती संस्था लंडन विद्यापीठात समाविष्ट झाली.