बैलाचा पाय मोडला तर न्यायचं कुठे? एका गिरणीमालकानं दिलेलं उत्तर आजही परळमध्ये उभं आहे

आज कुत्र्या-मांजराचं मोडलेलं हाड जोडायला दरवेळी अख्खा पाय उघडावा लागत नाही. दोन छोट्या चिरा देऊन स्नायूंखालून प्लेट सरकवतात आणि स्क्रूने बसवतात. मोडलेल्या जागेचा रक्तपुरवठा शाबूत राहतो, त्यामुळे हाड जुळायला मदत होते.

दीडशे वर्षांपूर्वी मात्र पाय मोडला की मुक्या जनावराचं आयुष्य बहुतेक तिथंच संपायचं. हे चित्र बदलायला ज्यांचा पैसा कामी आला ते म्हणजे दिनशा माणेकजी पेटिट.

जन्म ३० जून १८२३ चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. असं सांगतात की, त्यांचे एक पूर्वज अंगानं लहानखुरे होते आणि त्यांचा फ्रेंचांशी व्यवहार होता. फ्रेंच भाषेत लहान म्हणजे ‘पेटिट’, तेच आडनाव झालं.

दिनशा दलालीतून पुढे आले आणि मुंबईच्या पहिल्या मोठ्या गिरणीमालकांपैकी एक झाले. या शहरातल्या गिरण्यांमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले हजारो चाकरमानी राबायचे. रस्त्यावर तेवढेच बैल आणि घोडे राबायचे. १८७४ मध्ये सुरू झालेली ट्रामसुद्धा घोडेच ओढत होते.

त्याच वर्षी मुंबईत प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था उभी राहिली. लंगडा बैल जुंपणाऱ्या गाडीवानाला शिक्षा करता येत होती. पण शिक्षेनं बैलाचा पाय बरा होत नव्हता, आणि बैल बसला की गाडीवानाची चूलही थंड. गरज दवाखान्याची होती.

पेटिट यांनी त्यासाठी मोठी देणगी दिली. परळच्या या रुग्णालयाला त्यांच्या पत्नीचं, बाई साकरबाईंचं नाव मिळालं. १८८४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी त्याचं उद्घाटन केलं. पण जनावरांचे डॉक्टर आणायचे कुठून? १८८६ मध्ये याच आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं.

पेटिट यांना १८८७ मध्ये ‘सर’ आणि १८९० मध्ये ‘बॅरोनेट’ हा किताब मिळाला. १९०१ मध्ये त्यांचं निधन झालं.

पुढे हे महाविद्यालय रत्नागिरी जिल्ह्याशीही जोडलं गेलं. १९७२ मध्ये दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ झालं आणि २००० पर्यंत परळचं हे महाविद्यालय त्याच विद्यापीठाखाली होतं. म्हणजे त्या काळात परळमध्ये शिकलेल्या पशुवैद्यांच्या पदवीवर नाव असायचं दापोलीच्या विद्यापीठाचं.

गिरण्यांचे भोंगे केव्हाच थांबले. साकरबाईंच्या नावाचा दवाखाना मात्र आजही चालू आहे.