सर्पगंधेचे डॉक्टर वकील

बोईसरला उतरून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत शिरले की औषध कारखान्यांचा उग्र दर्प नाकात बसतो. पालघरकडे परतणाऱ्या प्रवाशाच्या खिशात रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी असते. या गोळ्या नव्हत्या तेव्हा काय होत असे? मार्च १९४४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा चढलेला रक्तदाब आणि थकलेले हृदय डॉक्टरांनी ओळखले. डिजिटॅलिस दिले, मीठ कमी केले. पण दाब खात्रीने उतरवणारे औषध हाताशी नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले.

त्यानंतर चारच वर्षांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशी निगडित असलेल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा निबंध ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात आला. १९११ साली जन्मलेला हा पारशी डॉक्टर शिकला लंडनला, पण औषध शोधले ते वैद्यांच्या बटव्यातले. सर्पगंधेच्या मुळीने दाब उतरतो हे कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच नोंदवले होते. वकिलांचे श्रेय निराळे. पन्नास रुग्णांना मुळी देऊन त्यांनी दाब मोजला, लिहून ठेवला आणि जगापुढे मांडला. आपल्याकडे जुन्या विद्येचा अभिमान पुष्कळ, मोजमापाचा कंटाळाही तितकाच. म्हणून हे काम मोठे. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांमधला नॉरअॅड्रेनलिनचा साठा रिकामा करते. रोहिण्या सैलावतात, हृदयापुढचा अडथळा कमी होतो. पण हृदय आधीच दुबळे असेल, तर याच नॉरअॅड्रेनलिनच्या चाबकावर ते कसेबसे धावत असते. तो चाबूक एकदम काढला की ते आणखी ढेपाळू शकते. शिवाय काही रुग्णांना या औषधाने खिन्नता येते, असे डॉक्टरांच्या नजरेस आले. पुढे नवी औषधे आली आणि रेसर्पिन मागे पडले.

वकील १९७४ मध्ये वारले. १९८६ मध्ये हायड्रॅलाझिन व आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट या जोडीने, तर १९८७ मध्ये एनालाप्रिलने थकलेल्या हृदयाचे रुग्ण अधिक जगतात हे चाचण्यांत दिसले. रोहिण्या सैल करून हृदयाचे ओझे हलके करायचे, ही त्यामागची एक युक्ती; ती फळाला आलेली पाहायला मात्र डॉक्टर वकील राहिले नव्हते.